दुसरी हाक

इंद्रभानने बोटं पाण्यात बुडवली, मडक्याच्या तोंडावर ताणलेल्या कातड्यात ओवलेली मेण लावलेली दोरी चिमटीत धरली आणि सावकाश ओढली. मडक्याच्या पोटातून वाघ गुरगुरला.

नाल्याच्या वळणापलीकडे मचाणावर मुंबईचे दोन पाहुणे बंदुका घेऊन बसले होते. त्यांच्याजवळ वामनराव, शिकारीच्या सहली काढणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने दुपारीच बजावलं होतं,

"दोन-तीन डाव वाजव. पाहुण्यांले नुसता आवाज आयकू आला तरी लय झालं. वाघ नाही आला, तर तो काही आपला कसूर नाही."

वाघ येणारच नव्हता. नवं मराठी राज्य झालं त्या हिवाळ्यात धामणगाव बढेच्या वरच्या या डोंगरात पहिली सहल आली, तेव्हा रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांत इंद्रभान होता. पडलेल्या वाघाच्या पाठीवर पाय ठेवून पाहुणे फोटो काढायचे. पुढे जीपसाठी रस्ता झाला, आणि रस्ता झाला तसे लाकडाचे ट्रकही त्यावरून फिरू लागले. साग विरळ झाला, सांबरं दिसेनाशी झाली. गेले दोन हिवाळे वाघाचं पाऊलही कोणाच्या नजरेला पडलं नव्हतं. तरी पाहुणे यायचेच. जंगल संपत आलंय हे ऐकून उलट घाईने यायचे. त्यांच्यासाठी हे मडकं.

त्याने पुन्हा दोरी ओढली. आवाज समोरच्या कड्यापर्यंत जाऊन विरला.

मग वरच्या अंगाने उत्तर आलं.

इंद्रभानचा हात थांबला. कड्यावरून आपलाच आवाज परत आला असेल, त्याने मनाला समजावलं. पण दोरी हलली नसतानाही हाक पुन्हा आली, आणि आता जवळून. झाडावरची वानरं खेकसली. थोड्या वेळाने तीही गप्प झाली.

घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायला हात उचलायची हिंमत होईना. हाक्याच्या वेळी दोन्ही अंगांना माणसं असत, डबे वाजत असत. आज पळसाच्या झुडपात तो एकटा होता, हाताशी साधी कुऱ्हाडही नव्हती. आणि ज्याला बोलावलं ते बोलावणाऱ्याला शोधत येत होतं.

गवत दुभंगलं. वाघीण होती. बरगड्या दिसत होत्या. ती नाल्याच्या वाळूत उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या अंगाचा उग्र दर्प त्याच्या घशात उतरला. तिने झुडपाकडे पाहिलं. इंद्रभानचं धोतर ओलं झालं. ती मात्र चवताळलेली नव्हती. मान किंचित वर करून ती ऐकत होती, कोणीतरी आणखी एकदा हाक देईल म्हणून थांबल्यासारखी. कोणी हाक दिली नाही. तेव्हा तिने वळणाकडे, मचाणाच्या दिशेने पाऊल टाकलं. मग आणखी एक.

मडकं हातून सुटलं की त्याने आपटलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दगडावर ते फुटलं आणि नाला दणाणला. वाघिणीने एका झेपेत दरड गाठली. गवत पुन्हा मिटलं.

मचाणावरून आरडाओरडा झाला. इंद्रभान वाळू तुडवत, धडपडत उघड्यावर आला तोवर तिघेही धावत पोहोचले. खापऱ्या, कातडं, दोरी, सगळं त्यांच्यासमोर पडलं होतं.

"हे काय?" चष्मेवाल्या पाहुण्याने पायाने कातडं उलटवलं. "म्हणजे हा वाजवत होता?"

वामनरावाचा चेहरा उतरला. "साहेब, पहिला आवाज याचा. पण दुसरा खरा होता, वरून आला. इंद्रभान, तू पाह्यला ना? सांग साहेबांले!"

इंद्रभानच्या पुढ्यात वाळूत एक रुंद पाऊल तेवढं शाबूत उरलं होतं. त्याच्या कडा अजून ढासळत होत्या. त्याने आपला पाय त्यावर ठेवला.

"नाही जी. दोनीही मीच."

"दोन्ही?"

"हाव. मधात वर गेलतो, मंग खाली आलो. पाय घसरला न फुटलं."

पाहुणा रागाने हसला. "वामनराव, आम्हाला दुसरीकडे कुठे न्यायचं ते बघा. इथे काही उरलेलं नाही."

"पुन्हा तोंड दाखवू नको बे," जाता जाता वामनराव पुटपुटला.

जीपचा आवाज घाटाखाली विरेपर्यंत इंद्रभानने पाय उचलला नाही.

घरी चांगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. नवऱ्याकडे पाहताच तिचे हात थांबले.

"येवढे काऊन घामेजले? ताप आला काय?"

"नाही. कंपनी आता येनार नाही. जंगलात वाघच नाही राह्यला म्हने."

"बरं झालं. त्या बंदुकीच्या बारानं माह्या काळजात धडकी भरे."

बाहेर अजून उजेड होता. इंद्रभानने शेळी आत घेतली, दार लोटलं, कडी घातली. मग कोपऱ्यातलं उखळ ओढत आणून दाराला लावलं.

"वाघ नाही म्हन्ता," चांगुणा म्हणाली, "मंग हे काय करून राह्यले?"

त्याने हातानेच तिला गप्प केलं आणि दाराला कान लावला.