सातातले सहा

शुक्रवारी फुसीबाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरेनात. पत्र टॅब देणाऱ्या संस्थेचं होतं. आमच्या शाळेतली मुलं धडे नियमित उघडत नाहीत, म्हणून दहाही टॅब मंगळवारच्या बोटीने परत पाठवा, ते दुसऱ्या बेटावरच्या शाळेला देऊ. नियमित म्हणजे शंभरातले नव्वद दिवस. वर्गात नव्वदीच्या वर एकटी तोआकासे होती. सत्त्याण्णव. एका मुलीला जमतं तर बाकीच्यांना का नाही, असंही खाली लिहिलं होतं.

तोआकासे आमच्या चर्चच्या पाळकांची मुलगी आणि माझी मैत्रीण. मुलं म्हणाली, हिचा स्वर्गातसुद्धा पहिला नंबर येणार. ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मी माझ्याच तंद्रीत. फुसीबाई बाकी सगळं शिकवतात, गणिताला मात्र त्या स्वतःच हात जोडतात. नोव्हेंबरच्या परीक्षेचं अख्खं गणित त्या टॅबवर. आणि मला तर ते आत्ता, याच वर्षी यायला लागलं होतं! आधी आकडे दिसले की मी वहीच मिटायचे. आता समीकरण सुटलं की मी नाचते, खरंच नाचते, आई ओरडेपर्यंत. टॅब वाटायचं कामही बाईंनी माझ्याकडे दिलं होतं, त्यामुळे त्यांच्या लॅपटॉपवरचा तक्ता मी केव्हाही बघू शकायचे. त्यात माझ्या नावापुढे पंच्याऐंशी पूर्णांक सात होते.

"तूसुद्धा, अकोसिता?" बाई म्हणाल्या.

मी शपथेवर सांगितलं की एक दिवस चुकवलेला नाही. त्यांनी मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला नाही.

शनिवारभर मी नुसती घरातून अंगणात आणि अंगणातून घरात. रविवारी चर्चमध्ये बाकावर आम्ही सात जण बसलो होतो. धाकटा भाऊ प्रवचनात झोपला, उरले जागे सहा. सातातले सहा. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि उभीच राहणार होते. आईने मांडीला चिमटा काढून बसवलं. पंच्याऐंशी पूर्णांक सात! रविवारी टोंगात कोण काय करतं? देवाचा वार, कामाला बंदी. पोहणं नाही, मासे नाहीत, दोरीवर कपडेसुद्धा नाहीत. टॅब कोण उघडणार? मोजणारा प्रोग्रॅम बाहेरच्या देशातला, त्याला सातही वार सारखेच. आम्ही कितीही मरमर केली तरी नव्वदी गाठूच शकत नव्हतो.

मग सत्त्याण्णव कसे?

दुपारी भट्टीतलं डुक्कर आणि सुरण खाऊन सगळं गाव झोपलं. मी पाळकांच्या घरामागे गेले. पाण्याच्या टाकीआड तोआकासे मांडीवर टॅब घेऊन बसली होती.

"बस खाली. उभी राहिलीस तर दिसशील," ती म्हणाली.

मी बसले आणि धडाधडा सगळा हिशेब सांगून टाकला. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "मग मी कधी करू? पाळकांच्या घरात रोज माणसं. टॅब उघडते तोच कोणीतरी हाक मारतं. रविवारी दुपारी सगळे झोपतात. तेवढाच वेळ माझा."

रविवारचं कारण सांगितलं की टॅब इथेच राहणार, पण हिचं गुपित उघडं पडणार. मी म्हणाले, मी तोंड उघडणार नाही. ती म्हणाली, मग टॅब जातील. आणि विचारलं, "जाऊ दे का?"  मी उठले आणि घरापर्यंत पळत गेले.

सोमवारी पालकांची सभा भरली. बाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. मी तोआकासेकडे बघितलं. तिने हनुवटीने फळा दाखवला. मी गेले आणि सातातले सहा मांडून दाखवले. पालक एकमेकांकडे बघून हसायला लागले, कोणीतरी टाळीही वाजवली. पाळक मात्र हसले नाहीत.

"मग माझ्या मुलीचे सत्त्याण्णव कसे?"

मी वळून फळ्यावरचे सातातले सहा पुन्हा गिरवायला लागले.

"मी रविवारी करते, बाबा," मागून तोआकासे म्हणाली. "दर रविवारी."

पाळक उठून लॅपटॉपपाशी आले आणि बाईंना तिची ओळ दाखवायला सांगितली. बाईंनी मिनिटांचा रकाना उघडला. त्यांचं बोट एकेका वारावरून सरकत गेलं. सोमवार दोन मिनिटं. मंगळवार तीन. बुधवार दोन. रविवार तीन तास चाळीस.

"मंगळवारी तीनच?"

"पाहुण्यांचा चहा होता."

"बुधवारी?"

"तुमचे शर्ट, बाबा."

त्यांनी सहाही वार विचारले. तिने सहाही सांगितले, न रडता. मग त्यांनी कागद मागितला आणि संस्थेला पत्र लिहिलं: आमच्याकडे रविवार धरू नये, आणि माझ्या मुलीचेही रविवार वगळावेत. बाई हळूच म्हणाल्या, मग मिनिटांच्या हिशेबात ती वर्गात सगळ्यात खाली जाईल.

"ती तिथेच आहे," पाळक म्हणाले आणि सही केली.

पत्राचा फोटो त्याच संध्याकाळी गेला. मंगळवारी बोट लागली तरी उत्तर नाही. मी धक्क्यावर टॅबच्या खोक्याभोवती फेऱ्या घालत होते, खलाशी म्हणाला, पोरी, मला चक्कर येते. बोटीचा भोंगा झाला तेव्हा बाईंचा फोन वाजला. संस्था पुन्हा मोजणार होती, तोवर टॅब आमच्याकडेच. खोकं मी एकटीने उचलून आणलं.

बुधवारी तक्ता उघडला तर तोआकासेचा मंगळवार चार मिनिटांचा. मला राग आला, कोणाचा ते कळेना. शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले, शर्टांची बादली तिच्या हातातून ओढून घेतली आणि तिला टाकीआड नाही, ओट्यावर सगळ्यांना दिसेल असं बसवलं. घरातून दोनदा तिच्या नावाने हाक आली. दोन्ही वेळा मीच ओ दिली.

तिसऱ्या वेळी पाळक स्वतः दारात आले. साबणाने माखलेले माझे हात बघितले, ओट्यावर वाकून बसलेली मुलगी बघितली. मला वाटलं, आता ओरडतील.

"किती मिनिटं झाली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सतरा," मी म्हणाले.

ते आत गेले आणि दार ओढून घेतलं.