कोरड्या जखमेवर

तिच्या हातातल्या चिमट्यातल्या पट्टीला खालून काहीतरी गुलाबी चिकटून आलं होतं... नखाएवढं, पातळ. नवी कातडी. बाबांच्या टाचेवर ती धरायला तीन आठवडे लागले होते.

ही पांढरी, कापसासारखी पट्टी समुद्री शेवाळापासून बनते, आणि बनते तिच्याच प्रयोगशाळेत. जखमेतला ओलावा पिऊन तिचा मऊ गर होतो आणि ती अलगद सुटते — जखम ओली असेल तरच. कोरड्या जखमेवर लावू नये, हे सूचनापत्रकातलं वाक्यसुद्धा तिनंच लिहिलेलं. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, जखम सुकत आलीय, आता साधी मलमाची पट्टीच लावा. पण बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवत, "आमच्या शास्त्रज्ञबाईंची करामत!" म्हणत, आणि तिला वाटलं, आणखी एकदा लावू... अतिशहाणपणा, दुसरं काय!

"दुखलं का हो बाबा?"

"छे गं! मला कुठं कळतंय?"

मधुमेहानं पायाची जाणीव केव्हाच गेली होती. दुखलं असतं तर ते ओरडले असते, तिचा हात थांबला असता — म्हणजे आता दोष त्यांच्या न ओरडण्याचा? तिला स्वतःची शिसारी आली. दिवसभर ती प्रयोगशाळेत शेवाळाची भुकटी तोलत राहिली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा भांडं धुऊनच ठेवून दिलं. डॉक्टरांना काय सांगायचं ते मनात घोकत होती, आणि दर वेळी वाक्य 'मी'पाशी येऊन अडत होतं.

संध्याकाळी डॉक्टर टाचेवर वाकले. "पट्टी कोणी ओढली ही? जखम पुन्हा उघडलीय. आता चिघळली तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"मीच हो," बाबा म्हणाले. "खाज सुटली, ओढली. ही कामावर होती."

सुई टोचलेली कळत नाही त्या पायाला खाज! डॉक्टरांच्या हे लक्षातच आलं नाही. ते बाबांना फाडफाड बोलले. बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

कारण तिला हायसं वाटलं होतं. आधी हायसं, मग लाज. क्रम अगदी स्पष्ट होता. आणि नेमकं हायसं वाटलं त्याच क्षणी बाबांनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं.