अंमलदार मंगचा चेहरा

माझा नवरा चिंगथाय मातीच्या मूर्ती करायचा. त्याला सांस्कृतिक भवनात काम लागलं, म्हणून आम्ही चीनच्या शान्शी प्रांतातल्या या डोंगराळ तालुक्यात आलो. तोवर उपासमारीची वर्षं सरली होती. त्याबद्दल गावात कोणी बोलत नसे, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

१९७४च्या वसंतात भवनाचे प्रमुख, कॉम्रेड छ्यू, आमच्या कामाच्या खोलीत आले.

"मिंग काळातला अंमलदार मंग. निषेधाच्या सभेसाठी त्याची मूर्ती हवी."

"दुष्काळात ज्यानं सरकारी कोठार उघडलं, तोच ना? इथं त्याचं देऊळ होतं म्हणतात," चिंगथाय म्हणाला.

"ते पाडलं. धान्य वाटून त्यानं लोकांचं बंड विझवलं, ढोंगी मेला! चेहरा असा कर, की बघताच माणूस थुंकला पाहिजे."

शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर एवढा राग कशाला, मला कळेना. शेजारच्या थान आजींना विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"अगं, लेकी बोले सुने लागे. इथले पक्षाचे सेक्रेटरी दिंग होते ना, त्यांनीही उपासमारीत कोठार उघडलं होतं. वरून हुकूम नसताना. त्यांना धरून नेलं ते परत आले नाहीत. आता त्यांची बायको अर्ज करतेय, नावावरचा डाग पुसा म्हणून. दिंगना शिव्या द्यायला या गावात कुणाची जीभ वळत नाही. म्हणून त्या मंगला द्यायच्या."

चिंगथायनं हुकमाप्रमाणे चेहरा घडवला. पातळ ओठ, बारीक डोळे. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं काढलं तर हनुवटी रुंद झालेली, आणि डाव्या भुवईत खोल खाच.

"तू हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

त्यानं खाच बुजवली. माझ्यासमोर अंगठ्यानं दाबून दाबून बुजवली. अंगठा उचलला की माती पुन्हा हळूच खाली बसायची, आतून कुणी ओढून घ्यावी तशी.

"अहो, सोडा हे काम."

"सोडून जाऊ कुठं?"

शेवटी त्यानं तो चेहरा पुरता कापून नवा बसवला. सभेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी नीट पाहिला. दुष्टच होता. मग फडकं घातलं.

अंगणात सारं गाव जमलं होतं. छ्यूंनी भाषण केलं, घोषणा ठरवून दिल्या आणि स्वतःच्या हातानं फडकं ओढलं.

रुंद हनुवटी. डाव्या भुवईत खाच.

मग थान आजी काठी टेकत पुढं गेल्या.

"जेवलास का रे, दिंग?"

मागून आणखी कुणी विचारलं, "जेवलात का?" मग आणखी कुणी. भिंतीपर्यंत सगळे पुटपुटत होते. आजी मूर्तीच्या अगदी जवळ गेल्या.

"आणि भुवईला काय झालं? नेलं तेव्हा तर नव्हतं हे."

छ्यू घोषणा द्यायला लागले. त्यांच्यामागे कुणी ओरडेना. त्यांनी फावडं उचलून मूर्ती फोडली, आणि फोडताना डोळे घट्ट मिटून घेतले.

नंतर चिंगथायला कचेरीत बोलावलं.

"दिंगला तू कधी पाहिलंस?"

"कधीच नाही. आम्ही आलो तेव्हा ते नव्हतेच."

"फोटो?"

"नाही."

"मग ती खाच तुला कुणी सांगितली? त्या चौकशीच्या खोलीत आम्ही दोघंच..." छ्यू एकदम थांबले. चिंगथाय म्हणतो, टेबलावरच्या आपल्या उजव्या हाताकडे ते परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होते.

चिंगथायची रवानगी वीटभट्टीवर झाली. छ्यूंनी बदली मागून घेतली.

काही वर्षांनी वारं फिरलं. दिंगच्या नावावरचा डाग पुसला गेला. अंमलदार मंग पुन्हा जनतेचा कैवारी झाला. चिंगथायला भट्टीवरून बोलावून आणलं. नवे प्रमुख हसतमुख होते.

"मंगची मूर्ती करा, पण चेहरा दिंगचा हवा. लोकांना बरं वाटेल. हा घ्या फोटो."

फोटोतली भुवई अखंड होती. चिंगथायनं तशीच केली. रात्रभर फडक्याखाली ठेवली, सकाळी उघडली. काही बदललं नव्हतं. तो घाव पुसला गेला, तरी या वेळी माती मुकाट राहिली होती.

त्या सकाळी मी त्याला पहिल्यांदा खरा घाबरलेला पाहिला. त्यानं हात धुतले, आणि पुन्हा कधी मूर्ती केली नाही.