आठवी बैठक

बसण्याआधी त्याने टेबल उचललं आणि दोन वीत भिंतीकडे सरकवलं. दर बैठकीला तो हे करायचा. चाळीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं या मजल्यावरून त्या मजल्यावर हलवण्यात गेली होती; चुकीच्या जागचं टेबल त्याला वाकड्या दातासारखं सलायचं.

"राहू द्या हो काका," समोरची मुलगी म्हणाली, आणि नेहमीसारखी आधीच हसू लागली.

ती शिकाऊ होती. वाचनालयाच्या मागच्या खोल्यांत चालणाऱ्या या समुपदेशन केंद्रात अनुभवी माणसासाठी नऊ महिने थांबावं लागे. शिकाऊ माणूस लगेच मिळे, ज्याला जे परवडेल तेवढ्यात. पण बैठका आठच. खाजगी डॉक्टरांचा तासाचा दर ऐकून त्याच्या धाकट्या बहिणीने फोन असा खाली ठेवला होता, जणू हात भाजला. मग तिनेच हे केंद्र शोधलं, तिनेच त्याचं नाव घातलं, आणि दर मंगळवारी तीच त्याला दारापर्यंत आणून सोडायची.

आजही दारात तिने त्याची कॉलर सारखी केली होती.

"दादा, आज शेवटची. आज तरी पोराचं सांग."

"सांगतो गं."

"मागच्या वेळीही सांगतो म्हणालास. आणि सांगितलंस काय, तर पियानोचं."

पियानोचं खरंच सांगितलं होतं. सहा मजले पाठीवरून उतरवताना म्हणे दर पायरीला एक सूर वाजत गेला, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत तीन बिऱ्हाडं जिन्यात नाचत होती. त्याआधीच्या मंगळवारी कपाटाचं: रिकामं समजून उचललं, नव्या घरी उघडलं तर आत जुन्या घरमालकाचे काका गाढ झोपलेले, उठले ते चहा मागतच. सात बैठका, सात थापा. हसून हसून मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या वहीत लिहिलं होतं, 'मोकळेपणाने बोलतात.' सात महिन्यांपूर्वी चौतीस वर्षांचा मुलगा वारला, एवढं अर्जात होतं. त्यापुढचं वहीत काहीच नव्हतं.

"मग, आज काय बोलावंसं वाटतंय?"

त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबले, जड काही उचलण्याआधी दाबायचा तसे.

"एकदा मुलाचा फोन आला. रविवारी सकाळी. आमचं दोघांचं असं होतं, की फोन उचलला की आधी एक थाप. खरं बोलेल तो हरला. तर हा म्हणतो कसा, बाबा, माझ्या छातीवर कुणीतरी भरलेलं कपाट ठेवलंय."

मुलीच्या ओठांची कड हलली.

त्याला ते दिसलं. थांबायला हवं होतं. पण सवयीचा आवाज आपोआप लागला, भुवया आपोआप वर गेल्या.

"मी म्हटलं, अरे गाढवा, भरलेलं कपाट कुणी उचलतं का? आधी कपडे बाहेर काढ. कप्पे काढ. मग दोन माणसं बोलाव, आणि त्यांना सांग, जिन्यात वळताना भिंतीचा रंग गेला तर तुम्ही जबाबदार."

मुलगी हसली. पेन खाली ठेवून, खळखळून.

मुलगाही इथेच हसला होता. थोडासाच, दम पुरला तेवढा. 'जिंकलात बाबा,' असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं ते सोमवारी.

"मग?" डोळे पुसत मुलीने विचारलं. "पुढे काय झालं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. हसण्याने तिचा चेहरा फुलला होता. आठही मंगळवार ती त्याच्यासाठी वेळेआधी येऊन बसली होती.

"पुढे काय," तो म्हणाला. "उतरवलं कपाट."

तिने शेवटचा कागद भरला, 'बरीच सुधारणा' या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली.

"काका, तुमच्या गोष्टींची आठवण येईल हो मला."

"सुखी राहा पोरी," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला.

बाहेर बहीण बाकावरून उठली.

"सांगितलंस?"

"सांगितलं. अर्धं."

"अर्ध्यावर का थांबलास रे?"

"ती हसली गं."

त्याच्या दंडाला धरून बहिणीने त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः नोंदणीच्या खिडकीपाशी गेली, नऊ महिन्यांच्या यादीत नाव घालायला. कारकुनाने नाव घेतलं, वय घेतलं, पत्ता घेतला.

"त्रास काय होतो, तो एका ओळीत सांगा."

तिने मागे वळून पाहिलं. बाकावर शेजारी बसलेल्या कुणा अनोळखी बाईला तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि ती बाई तोंडावर रुमाल धरून हसत होती.

"लिहा," बहीण म्हणाली, "हसवतो."

कारकुनाने मान वर केली. तोही हसण्याच्या बेतात होता. मग त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि ती ओळ तशीच लिहून घेतली.