चहा कुणी केला?

मी एक जुनी चहाची ट्रॉली आहे. दोन फळ्या, चार चाकं आणि धरायला एक दांडा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला दोन्ही हातांनी आधार धरून चालावं लागतं. मग कप कोणत्या हाताने न्यायचा? तो माझ्यावर ठेवायचा आणि मला ढकलत खुर्चीपर्यंत जायचं. नगरपालिकेच्या गोदामातून मी अशी घरोघर उसनी जाते. कितीतरी जणांनी माझ्या दांड्याला धरून पुन्हा चालायला सुरुवात केली. त्याचा मला गर्व आहे, खोटं कशाला सांगू!

पण डोरीनच्या घराची आठवण झाली की जीव कासावीस होतो.

डोरीन इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराची. गोदीवर चाळीस वर्षं मासे कापलेली, तोंडाने फटकळ बाई. पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना तिला सांगितलं होतं, सहा आठवडे मदतनीस येईल. तेवढ्या दिवसांत तुझं तुला करता आलं तर घरी राहा, नाहीतर वृद्धाश्रम. डोरीनला स्वतःच्याच घरी राहायचं होतं.

मदतनीस शेरिल स्वभावाने लोण्यासारखी मऊ होती, पण हातात अर्धाच तास आणि पुढे आणखी पाच घरं.

"बस गं राणी, तू कशाला उठतेस? मी आहे ना!"

"अगं, पाय मोडलाय माझा, हात नाही!" डोरीन सुरुवातीला फणकारायची.

तोवर चहा हातात आलेला असायचा. शेरिल वहीत लिहायची, 'चहा दिला. सर्व ठीक.' आणि पळायची. शेजारीपाजारी तिचं कौतुक करायचे. माझ्यावर मात्र जुनी वर्तमानपत्रं आणि टॉवेल साठत गेले. हळूहळू डोरीनचं फणकारणंही थांबलं. चौथ्या आठवड्यात ती हाताशी असलेला चष्मासुद्धा मागून घेऊ लागली.

पाचव्या आठवड्यात शेरिल दोन दिवस रजेवर गेली आणि ग्लोरिया आली. तिने माझ्यावरचा पसारा उचलला, मला स्वयंपाकघरात नेलं आणि दारात उभी राहिली.

"चल डोरीन, मलाही एक कप कर."

"तू कामाला आलीस की तमाशा बघायला?"

"तमाशा बघायला. दूध कमी घाल हं."

बावीस मिनिटं लागली. डोरीन तीनदा थांबली, एकदा रडली, आणि मला ढकलत खुर्चीपर्यंत आली. अर्धा चहा माझ्यावरच सांडला. उरलेला प्यायली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता! ग्लोरियाने वहीत लिहिलं, 'डोरीनने चहा स्वतः केला.' दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. पुढच्या घरी पोचायला उशीर झाला म्हणून फोनवर तिने बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी शेरिल परतली आणि पुन्हा 'चहा दिला' सुरू झालं.

सहा आठवडे संपले. तपासणीला आलेल्या बाईंनी वही चाळून विचारलं, "शेरिल, हिला स्वतःचा चहा करता येतो का?"

शेरिल गोरीमोरी झाली. "मला माहीत नाही. मी कधी करूच दिला नाही."

"मला येतो," डोरीन म्हणाली आणि उठली. तिने माझा दांडा धरला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला तोल गेला आणि शेरिलने तिला सावरून खुर्चीत बसवलं.

"दोनदा केला होता हो मी," डोरीन पुटपुटली. बाईंनी मान खाली घालून कागद भरला. पुढच्याच सोमवारी डोरीन वृद्धाश्रमात गेली. तिथे चहा ठरल्या वेळी मिळतो आणि स्वयंपाकघराला कुलूप असतं.

मित्रांनो, शेरिल वाईट नव्हती. तिला घाई होती आणि तिला दया येत होती. या दोन्हींनी मिळून एका बाईचं घर घालवलं.

मला परत घेताना गोदामातल्या माणसाने माझ्यावरून कापड फिरवलं. "वा! छान जपलीय," तो म्हणाला. "दोनच डाग आहेत."

मित्रांनो, मला असं जपू नका. माझ्यावर चहा सांडू द्या.