एक मिस्ड कॉल, एक जिताडा

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच चेहरे पाडू नका, मित्रांनो. माझी काच शाबूत आहे, टॉर्च लागतो आणि रोज सकाळी मी कामावर हजर असतो. पाचचं बटण थोडं रुसतं, पण जोरात दाबलं की तेही ऐकतं. तुमच्या खिशातल्या किती फोनांना एवढं छातीठोकपणे बोलता येईल, ते तुम्हीच सांगा.

मी जन्मलो एका मोठ्या कारखान्यात. तिथलं मला फारसं आठवत नाही. हजारो भावंडं अगदी एकसारखी, कोणाला कोणाचं नाव नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं पनवेलच्या बाजारात, २००५ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. खाडीकाठच्या गावातला शैलेश नावाचा तरुण दुकानात आला आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "तो दाखवा." तो म्हणजे मी!

शैलेशचा स्वतःचा टेम्पो होता. दसऱ्याला आगरी माणूस आपलं काम करणारी प्रत्येक वस्तू पुजतो. त्या सकाळी टेम्पोला झेंडूचा हार, कोयत्याला हळद, जाळ्याला फूल आणि मला कुंकू. कुंकवाचं बोट जरा जोरात लागलं आणि माझ्या एका बटणाच्या फटीत तो लाल ठिपका कायमचा बसला. गावातली माणसं मला हातात घेऊन बघायची, "वजनाला बरा हाय," म्हणायची. मी तर हवेतच होतो.

पण शैलेशने स्वतःसाठी एक नियम केला होता. दर दसऱ्याला नवा फोन. पुढच्या दसऱ्याला कॅमेऱ्याचा फोन आला, हळदकुंकू त्याला लागलं आणि मी टीव्हीखालच्या खणात गेलो. एका वर्षात मी म्हातारा! काम येत होतं, अंगात जोर होता, फक्त दसरा आला होता. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

मला खणातून बाहेर काढलं ते शैलेशच्या आईने. तिचं नाव गुणाबाई. डोक्यावर पाटी घेऊन ती खांदा कॉलनीत आणि खारघरला दारोदार मासे विकायची. तिचे यजमान बुधाजी खाजणातलं, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतलं तळं सांभाळायचे. त्या तळ्यात जिताडे होते. जिताडा म्हणजे आमच्या खाडीकडचा मानाचा मासा. तो तळ्यात वर्षानुवर्षं वाढवतात आणि जावयाला, व्याह्यांना कौतुकाने खाऊ घालतात. मागणी आल्याशिवाय त्याला कोणी पाण्याबाहेर काढत नाही, कारण एकदा काढला की काढला.

गुणाबाईला अक्षरं येत नव्हती. तिची नात समृद्धी तेव्हा लहान होती, पण माझी बटणं तिला तोंडपाठ. तिने एक युक्ती केली. माझ्या पोटात जेवढ्या धुना होत्या, त्या तिने माणसांना वाटून टाकल्या. खांदा कॉलनीतल्या दमयंतीबाईंना देवळाची घंटा. खारघरच्या गिऱ्हाइकांना पाखरांची किलबिल. शैलेशला गाडीचा भोंगा. आणि तळ्याला कोंबडा.

बुधाजींकडे फोन नव्हता. शेजारच्या तळ्यावर राखण करणाऱ्या दादूकडे होता, म्हणून तळ्याचा नंबर म्हणजे दादूचा नंबर. बोलायला पैसे पडायचे, मिस्ड कॉल फुकट. मग ठरलंच. गुणाबाईने एक मिस्ड कॉल दिला की एक जिताडा काढायचा, दोन दिले की दोन. दादू फोन उचलायचाच नाही. वाजणं थांबलं की बांधावरून ओरडायचा, "बुधाजी, एक!" मासा निघाला की दादूकडून उलटा मिस्ड कॉल यायचा, माझ्यातला कोंबडा आरवायचा आणि गुणाबाई गिऱ्हाइकाला सांगायची, "निंगाला बघ तुजा जिताडा."

मित्रांनो, ती माझी खरी उमेदीची वर्षं. मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, गुणाबाईच्या कनवटीला. तिचे हात सदा ओले, खवल्यांनी भरलेले. पण पिशवीवरून तिचा अंगठा माझ्या बटणावर न बघता पडायचा. घंटा वाजली की मासा कापता कापताच म्हणायची, "दमयंतीबाय, बोला." जिन्यातल्या बायका तोंडात बोट घालायच्या, "हिला न बघता कसं कळतं हो?" मी पिशवीत फुगून बसायचो.

दर दसऱ्याला शैलेशचा जुना फोन खणात जायचा. सरकवून उघडायचा एक, दोन सिमांचा एक, रंगीत दिव्यांचा एक. बिचाऱ्यांना आपल्या मालकाची नीट ओळखही झालेली नसायची. मी मात्र कनवटीला बसून खाडीचं वारं खात होतो.

मग आला २०१३चा दसरा. शैलेशचं आता बरं चाललं होतं, टेम्पो तीन झाले होते. आईने पाटी घेऊन हिंडावं हे त्याला रुचेनासं झालं होतं. त्याने आईसाठी मोठ्या काचेचा टच फोन आणला. आणला अगदी प्रेमाने, हे कबूल केलंच पाहिजे. आईला वाचता येत नाही म्हणून त्याने पडद्यावर दादूचा फोटो लावला. फोटोला बोट लागलं की थेट दादूला फोन. आणि आईला जमणार नाही म्हणून पडद्याचं कुलूपही काढून टाकलं.

"आय, आता ही पिशवीची भानगड नको. चार लोकांत बरा दिसत नाय तो जुना," तो म्हणाला.

"माजा मना बरा हाय तो," गुणाबाई पुटपुटली. पण पोराने हौसेने आणलेली वस्तू. तिने घेतली. माझ्यातलं सिम त्या फोनमध्ये गेलं आणि मी पुन्हा खणात. येत्या रविवारी बाजारात नेऊन बदलीत देणार, असं माझ्या कानावर आलं. म्हणजे चार दिवसांचा मी सोबती.

पुढचं मी खणातून ऐकलं. बाकीचं समृद्धीने नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मला पाठ झालं आहे.

गुरुवारचा दिवस होता. गुरुवारी कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत, म्हणून गुणाबाई फक्त थोडी कोळंबी घेऊन निघाली. फोन नेहमीच्या सवयीने कनवटीला लावला. लुगडं ओलं, पाटीचं पाणी ठिबकतंय, आणि कुलूप नसलेल्या त्या काचेवर दादूचा हसरा फोटो. चालताना घडीचा दाब पडला. दादूकडे मिस्ड कॉल गेला. मग दुसरा गेला. मग तिसरा. गुणाबाईला पत्ताच नाही!

तिकडे दादू बांधावर उभा राहून ओरडतोय, "बुधाजी, एक! बुधाजी, आनखीन एक!" बुधाजी जाळं फेकतायत. माणूस शब्दाचा पक्का. नंबर बायकोचा, मिस्ड कॉल बायकोचा, मग शंका कसली? त्यांना वाटलं, उद्या कुठेतरी मोठं बारसं असणार. आगऱ्यांच्या बारशाला गाव जेवतं, हे त्यांना काय सांगायला हवं? त्यांनी दादूला उलटे मिस्ड कॉल द्यायला लावले, तर नव्या फोनला सगळ्यांसाठी एकच धून. गुणाबाईने दोनदा बाहेर काढून ओल्या बोटाने काच घासली, तिला काही उमजेना, तिने परत खोचला.

दुपारी बुधाजी पाटीभर जिताडे घेऊन घरात शिरले. तळ्यातले सगळ्यात मोठे, दिवाळीच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले.

"गुने, कोनाचा बारसा हाय गो?" त्यांनी विचारलं.

गुणाबाई मटकन खाली बसली. "मी कुटं मांगवले? मी एक पन नाय मांगवला!"

शैलेश हळूच म्हणाला, "आय, झाला ना आता? सोड ती पाटी. तुना काय कमी हाय?"

बघा मित्रांनो, मासा गेला असता तर वाईट वाटलं असतं, पण तळं पुन्हा भरलं असतं. त्या दुपारी पणाला लागली होती ती गुणाबाईची पाटी. तिने ऐन तरुणपणी डोक्यावर घेतलेली, जिच्या जोरावर तिला चार जिन्यांत नावाने ओळखत होते. ती एकदा खाली ठेवली असती, तर कोणी परत उचलू दिली नसती.

गुणाबाई उठली. डोळे पुसले नाहीत, कारण हात खारट होते. म्हणाली, "चूक झाली फोनाची आनि सोडू पाटी? मासा अजून ताजा हाय. समे, मना गिऱ्हाइकांना फोन लावून दे."

समृद्धी तेव्हा दहावीत होती. तिने नवा फोन उघडला आणि तिचा चेहरा उतरला. त्यात दादू होता, शैलेश होता आणि आणखी पाच-सात जण. बाकीचे सगळे नंबर सिममध्ये नव्हतेच. ते माझ्या पोटात होते!

खण खाडकन उघडला. उजेड आला. सिम माझ्यात बसलं, बॅटरीत अजून जीव होता आणि मी असा काही चमकलो म्हणता! गुणाबाईने मला हातात घेतलं आणि अंगठा आपोआप जागेवर गेला. "दमयंतीबाय, उद्या शुक्रवार. जिताडा हाय, साफ करून देते, आज बर्फात ठेवा." दमयंतीबाई म्हणाल्या, "अगं, मला अख्खा दे, जावई येतायत." त्यांनी खालच्या मजल्यावर सांगितलं, खालच्यांनी समोरच्या इमारतीत. थोड्याच वेळात माझ्यातून घंटा वाजायला लागली, पाखरं किलबिलायला लागली, आणि गुणाबाई एकामागून एक नावं घेत राहिली. चूक एकदाही झाली नाही.

आणि मासे पोचवले कोणी? शैलेशने. स्वतःच्या टेम्पोतून, बर्फाच्या पेटीसकट, आईला शेजारी बसवून. खांदा कॉलनीच्या जिन्यात बायका आईशी कशा बोलतात, तिला पाणी विचारतात, पोरांच्या परीक्षा सांगतात, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. पाटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

रात्रीच्या जेवणाला मात्र त्याने विचारलं, "मग फोन बदलायचा तरी कदी, आय? तू सांग."

गुणाबाईने भाताचा घास कालवत, भिंतीवरच्या जाळ्याकडे बघून उत्तर दिलं, "जाला कदी बदलतो आपन? फाटला तर शिवतो. परत फाटला, परत शिवतो. दसरा आला म्हनून कोन बदलतो काय? पन मासाच निसटाया लागला, तर जुना जाला उराशी धरून पन बसत नाय."

शैलेश हसला. नवा फोन समृद्धीच्या अभ्यासाला गेला. मी कनवटीला परत गेलो आणि मनात म्हटलं, आता इथून मला कोणी हलवत नाही. गर्व झाला होता, दुसरं काय. तिच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मी सोयीने विसरलो.

चार वर्षं अशीच गेली. मग घंटा कमी वाजायला लागली. दमयंतीबाई मुलाकडे करंजाड्याला राहायला गेल्या होत्या. एकदा गुणाबाई मुद्दाम तिकडे गेली, तर त्यांची सून म्हणाली, "मावशी, आम्ही आता दुसरीकडून घेतो. ती सकाळी माशाचा फोटो पाठवते, बघून मागवता येतो." सून वाईट नव्हती. खरं तेच बोलली.

गुणाबाई जिन्यात थांबली. मला पिशवीतून काढून तिने बराच वेळ पाहिलं. "बाबा, मासा निसटाया लागला," ती मला म्हणाली. मला फोटो काढता येत नाही, मित्रांनो. कितीही ऐट केली तरी येत नाही. मला दुःख झालं, पण राग आला नाही. कारण तारीख बघून नव्हे, काम बघून ती हे बोलत होती.

या वेळी दुकानात ती स्वतः गेली. दसरा नव्हता, सणवार नव्हता. शैलेश आणि समृद्धी मागे उभे. तिने दुकानदाराकडे पाण्याचा पेला मागितला. त्याला वाटलं, तहान लागली असेल. तिने त्यात अंगठा बुडवला आणि मांडलेल्या एकेका फोनवर ओला अंगठा फिरवून बघू लागली!

"अहो आजी, काच खराब होईल!" दुकानदार ओरडला.

"मंग ही काच माज्या काय कामाची?" गुणाबाई म्हणाली.

शेवटी एका फोनने तिच्या ओल्या अंगठ्याचं नीट ऐकलं. तोच घेतला. समृद्धीने आधी त्याला कुलूप लावलं. मग माझ्यासमोर बसून माझी एकेक धून वाजवली, नव्या फोनात भरली आणि पुन्हा माणसांना वाटून दिली. सगळे नंबरही नीट उतरवून घेतले. मी शेजारी पडून ऐकत होतो. आपलं शिकलेलं कोणीतरी शिकून घेतंय, हे ऐकायला फार बरं वाटतं.

"आता याला बदलीत देऊ?" शैलेशने माझ्याकडे पाहून विचारलं.

उत्तर बुधाजींनी दिलं. आयुष्यात फोन नको म्हणणारा तो माणूस हात पुढे करून म्हणाला, "तो मना द्या. त्याच्यात फोटो नाय, भानगड नाय. तल्यावर मना तोच पुरं."

तेव्हापासून नवं सिम पोटात घेऊन मी खाजणात असतो. तळ्याकाठच्या खोपीत, खिळ्याला, त्याच दुधाच्या पिशवीत. दादूला आता ओरडावं लागत नाही, तळ्याचा नंबर आता माझाच.

मित्रांनो, फोन कधी बदलावा, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, सण बघून बदलू नका आणि शेजाऱ्याचा बघूनही नको. त्याच्याकडून काम होत असेल तोवर त्याला सांभाळा, त्याच्या पोटात तुमची माणसं आहेत हे विसरू नका. आणि खरोखरच काम अडलं, तर खुशाल बदला, पण जुन्याला खणात कोंबण्याआधी घरात त्याची गरज कोणाला आहे, एवढं विचारा.

आज सकाळीही बुधाजींनी जाळं ओढलं, मोठा जिताडा टोपलीत टाकला, ओला हात पंच्याला पुसून पिशवीवरून माझं बटण दाबलं. तिकडे करंजाड्याच्या जिन्यात गुणाबाईच्या कनवटीला तो नवा, चकचकीत फोन वाजला असणार. आता सकाळी गुणाबाईच्याच माशांचे फोटो बघून मागवणाऱ्या दमयंतीबाईंच्या सुनेने दार उघडून विचारलं असणार, "मावशी, निघाला का आमचा जिताडा?" कारण त्या नव्या फोनातून कोंबडा आरवला की आता सगळ्या जिन्याला कळतं. आणि तो कोंबडा, मित्रांनो, मी असतो.