सुताचा खोकला

अनुसयाबाईंना खोकला आला की त्या गुळाचा खडा तोंडात टाकत आणि विषय संपवत. पन्नास वर्षं हातमागापाशी बसून सुताच्या कांड्या भरलेल्या बाईला खोकल्याचं काय कौतुक? सुताचे तंतू घशात जातात, गुळाने उतरतात, आणि हा खोकला दुसऱ्याला लागत नाही, हे नागपूरच्या त्यांच्या विणकर वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. माग विकून बारा वर्षं झाली होती, नवरा जागेश्वर जाऊन सहा. तरी दोष अजून सुतालाच. बाई तशा हट्टीच.

घरात त्या एकट्या. मुलगा पंकज शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेला. रविवारी तो, सून दिपाली आणि चार महिन्यांची ऋतुजा येत. बाकीचे सहा दिवस बाई नुसते ढकलत.

थंडी सुरू झाली त्या रविवारी दिपालीने विचारलंही होतं, आई, खोकला कसला? बाईंनी हसून सुतावर ढकललं आणि दिवसभर नात मांडीवरून उतरू दिली नाही. तिचे गाल, तिच्या मुठी, सगळं आपल्या नाकातोंडाशी.

त्यानंतरच्या शनिवारी न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागली. शेजारचे मनोहरराव काही ऐकेनात. त्यांनी ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. बाकांवर बहुतेक सत्तरीचेच, आणि सगळे खोकणारे. तरुण डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, नाकात काडी घालून तपासणी केली आणि सांगितलं की हा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. म्हाताऱ्या माणसांत तो सर्रास असतो, पण कोणी तपासत नाही. वयाचा खोकला म्हणून घरीच अंगावर काढतात. बाई म्हणाल्या, सुताचा असंल. माग कधी बंद झाला, असं डॉक्टरांनी विचारलं. बारा वर्षं, हे ऐकून त्या हसल्या नाहीत, हीच मेहेरबानी.

मग त्यांनी विचारलं, घरात तान्हं बाळ आहे का? बाई नाही म्हणाल्या. त्यांच्या घरात कुणीच नव्हतं.

"मग बरं. बाळांना हा फार जड जातो. झपाट्याने लागतो."

गेल्या रविवारी ऋतुजा दिवसभर बाईंच्या मांडीवर होती. घरी येऊन त्या मोबाईल हातात घेऊन बसल्या. सांगावं तर दिपाली पोरीला या उंबऱ्याच्या आत आणणार नाही, आणि रविवार गेला तर उरलं काय? न सांगावं तर... कदाचित पोरीला काही झालंही नसेल. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी फोन लावला.

पंकज म्हणाला, उद्या येणं जमणार नाही. ऋतुजाला गुरुवारपासून सर्दी आहे, दूध कमी पिते आहे, साधीच सर्दी असावी. तू उगाच काळजी करत बसशील म्हणून सांगितलं नाही.

"साधी नाही गा ते. माह्यापासून लागलं तिले. आत्ताच डॉक्टरले दाखव. रोगाचं नाव सांगते, लिहून घे."

 फोन दिपालीने घेतला.

"तुम्ही तर सुताचा खोकला म्हणल्या होत्या ना, आई?"

"चुकलं माह्यं."

त्याच संध्याकाळी पोरीला दवाखान्यात ठेवलं. तीन दिवस ऑक्सिजन लागला. वेळेत आणलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याचं पंकजने फोनवर कळवलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बाईंना थोडं हलकं वाटलं असतं.

त्यांचा खोकला जायला तीन आठवडे लागले. चौथ्या रविवारी त्यांनी ऋतुजाची दुपटी धुऊन उन्हात टाकली आणि दुपारपर्यंत दारात बसल्या. खोकला एकदाही आला नाही. शेवटी फोन वाजला. दिपाली नीटच बोलली, तब्येत विचारली, जेवण विचारलं. मग म्हणाली, "थंडी संपू द्या आई. होळीनंतर येतो आम्ही."

"बराबर आहे वं," बाई म्हणाल्या. आणि ते बरोबरच होतं.

दुपटी घडी करून त्यांनी पेटीत ठेवली. मग भिंतीवरच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरपाशी जाऊन होळीपर्यंतचे रविवार मोजले. अकरा निघाले. त्यांनी पुन्हा मोजले.